रसद कुठाय?

चिनी युद्धपटात पाहण्यासारखं पुष्कळ असतं. क्षितिजापर्यंत भाल्यांचं रान असतं, वाऱ्यावर फडफडणारी निशाणं असतात, आभाळ काळं करणारे बाण असतात आणि मरण्यापूर्वी दोन मिनिटं फार सुंदर बोलणारे सरदार असतात. कोठावळे यातलं काहीच पाहत नाहीत. ते बैलगाड्या शोधतात.

कोठावळे हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. ते अस्सल शांघायकर. शांघायच्या एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये उभी हयात गेली. बॉबिना, पट्टे, वंगणाचे डबे, झाडू. काय आलं, काय गेलं, किती उरलं आणि ते कोणी चोरलं, हे सांगणारा माणूस. 1990 च्या दशकात तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. गिरणगावातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. गिरणी गेली, पण नोंदवही कोठावळ्यांच्या डोक्यात राहिली. मी शांघायमध्ये नोकरीला असताना त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मी त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू, आणि सिनेमाला जाताना ते दोघं मला बरोबर घ्यायचे. कारण काकूंना सिनेमा पाहायचा असायचा आणि काकांना कुणाशी तरी बोलायचं असायचं.

असा माणूस चीनमधल्या प्रत्येक थेटरात एक तरी असतो. कुणी म्हणतो, 208 साली घोड्याला रिकीब नव्हतीच, मग हा पाय कशात अडकवून बसलाय? कुणी म्हणतो, हे कादंबरीतलं, बखरीत असं नाही. आपल्याकडे नाही का, मावळ्यांच्या सिनेमात गडाचा दरवाजा चुकीच्या दिशेला आहे म्हणून मध्यंतरापर्यंत धुमसणारे! पण ही सगळी विद्वान मंडळी. कोठावळ्यांचा प्रश्न विद्वत्तेचा नाही, पोटाचा आहे.

तिकीट मंगळवारचं. तेव्हा तिथे मंगळवारी अर्धा दर असायचा. पडदा मात्र शहरातला सगळ्यात मोठा हवा, आणि जागा मागून दुसऱ्या रांगेत, मधोमध. फुटपाथवर त्या काळी चोरट्या डीव्हीडींचे ढीग लागायचे. पावशेर भाजीच्या भावात अख्खा सम्राट मिळायचा. काकांनी कधी हात लावला नाही. कायद्याची भीती वगैरे काही नाही. "टीव्हीवर सैन्य मुंग्यांएवढं दिसतं," ते म्हणायचे, "सैन्यामागे काय येतंय ते कसं कळणार?"

सुरुवातीला हिरव्या पडद्यावर सोनेरी ड्रॅगन येतो आणि खाली चित्रपटाचा परवाना क्रमांक. प्रेक्षक तेव्हा सूर्यफुलाच्या बिया सोलत असतात. काका मान डोलावतात. नोंद आहे म्हणजे माल अधिकृत आहे. पुढचे दोन-अडीच तास इतकं समाधान त्यांना पुन्हा लाभत नाही.

जॉन वूचा 'रेड क्लिफ' 2008 च्या जुलैत लागला, बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर. आशियात तोवर एवढा खर्च कुठल्याच चित्रपटावर झाला नव्हता. तीन राज्यांच्या काळातली चीबीची, म्हणजेच रेड क्लिफची, 208 सालची लढाई चिनी माणसाला पाळण्यात ऐकवलेली असते. काकांनी ती रेडिओवर युआन क्वोचंग या कथेकऱ्याच्या तोंडून ऐकलेली, तीनशे पासष्ट भागांत. त्यामुळे गोष्ट काय होणार हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, किती जणांचा स्वयंपाक.

पडद्यावर उत्तरेच्या त्साओ त्साओचं सैन्य उलगडलं. थेटरात "आहा" झालं. काका माझ्या कानाशी आले.

"किती म्हणतात?"

"आठ लाख, काका."

"माणशी रोज एक किलो धान्य धर. किती झालं?"

"आठशे टन."

"रोज. घोडे वेगळे. मीठ वेगळं. सरपण वेगळं. गाड्या दिसल्या?"

मी पाहिलं. नव्हत्या.

"मग हे लोक लढायला आलेत की सहलीला?"

इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. आठ लाख हा आकडा इतिहासातही खुद्द त्साओ त्साओने पत्रात लिहिलेला, शत्रूला घाबरवायला. दक्षिणेचा सेनापती झोउ यू आपल्या धन्याला, सुन छुआनला, शांतपणे सांगतो की उत्तरेचे खरे लोक दीड लाखाच्या आसपास, शरण आलेले सत्तर-ऐंशी हजार, आणि तेही थकलेले. काकांच्या लेखी झोउ यू थोर ठरतो तो एवढ्यासाठी. "त्याने माल मोजला. बाकीच्यांनी बिल वाचलं." फुगवलेल्या आकड्यांचा काकांना जुना परिचय. 1958 साली ते शाळेत होते तेव्हा प्रत्येक कम्यून शेजारच्यापेक्षा जास्त पीक जाहीर करत होता. त्या विषयावर ते कधी बोलत नाहीत. फक्त मोठा आकडा आला की खुर्चीत जरा सरसावून बसतात.

झाओ युन हा वीर आपल्या धन्याचं तान्हं पोर पाठीशी बांधून शत्रूच्या गर्दीतून घोडा काढतो, तो प्रसंग सुरुवातीलाच आहे. पुढच्या रांगेतला एक तरुण रडत होता. काकांना दुधाची चिंता. आणि दूध सोडाच, हे पोर म्हणजे आ दोउ, जो मोठेपणी गादीवर बसून 263 साली राज्य शत्रूच्या हाती देऊन मोकळा झाला. चीनमध्ये कितीही टेकू लावला तरी उभा न राहणाऱ्या माणसाला आजही त्याचंच नाव देतात. "एवढा वाहतूक खर्च," काका हळहळले, "आणि माल नादुरुस्त."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या, "तो हसतोय."

तो म्हणजे ताकेशी कानेशिरो. मुत्सद्दी झुगे ल्यांगच्या वेशात, हातात पिसांचा पंखा. काकूंचं युद्धशास्त्र तिथे सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. समोर टोनी लिउंग आला की त्यांची जरा ओढाताण व्हायची, पण त्या दोन्ही पक्षांशी एकनिष्ठ राहायच्या. म्हाताऱ्यांनी तीन राज्यांची कथा वाचू नये, आधीच कावेबाज असतात ते आणखी होतात, अशी तिकडे एक म्हण आहे. काकू ती दर चित्रपटाला एकदा ऐकवायच्या, साधारणपणे काका पहिल्यांदा "सरपण" म्हणाले की.

त्या चित्रपटात झुगे ल्यांगला काहीही विचारलं, तर तो नम्रपणे सांगतो की त्यातलं थोडंफार कळतं. घोडीची अवघड वीण असो की तंतुवाद्य, थोडंफार कळतं. चिनी प्रेक्षक त्या वाक्याला खदखदून हसले. उन्हाळाभर कचेऱ्यांमधून तेच वाक्य चाललं होतं. गंभीर मंडळींना राग आला की ऐतिहासिक चित्रपटात लोक हसतात म्हणजे काय. काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. स्टोअरच्या चांगल्या माणसाने असंच बोलावं, एवढंच त्यांचं मत पडलं. सगळं कळतं म्हटलं की वरचे लोक सगळंच गळ्यात घालतात.

गर्दीच्या दृश्यांत चिनी सैन्यातले खरे जवान उभे केले होते. ते काकांनी लगेच ओळखलं. "यांना जेवण वेळेवर मिळतंय. चालण्यावरून कळतं."

पहिला भाग संपला आणि लोक उठून गुरगुरायला लागले. चित्रपटाचं नाव चीबी, आणि चीबीची जहाजं जळालीच नव्हती! ती जळणार होती दुसऱ्या भागात, 2009 च्या जानेवारीत. मला तो सरळसरळ गल्लाभरूपणा वाटला, अजूनही वाटतो. काका मात्र प्रसन्न होते. रेडिओवरचा कथेकरीसुद्धा तलवार वर उचलल्यावरच "पुढचं उद्या" म्हणायचा. शिवाय सगळा माल एकाच दिवशी काढू नये, हे जॉन वूला कळतं हे पाहून त्यांना बरं वाटलं. दिवे लागून झाडूवाल्या बायका आत आल्या तरी ते श्रेयनामावली वाचत बसले. जेवणाची व्यवस्था कोणाकडे होती, ते त्यांना हवं होतं.

दिग्दर्शक झांग यीमोऊशी मात्र त्यांचं कधीच जमलं नाही. 2002 चा 'हीरो' त्यांनी नानजिंग रस्त्यावरच्या जुन्या ग्रँड थिएटरात पाहिला होता आणि त्याचं वैर ताजं होतं. त्यात छिन राज्याचं सैन्य एका सुलेखनशाळेवर बाणांचा पाऊस पाडतं. जगाने त्या दृश्याला टाळ्या वाजवल्या. काकांनी तो अपव्यय म्हणून नोंदवला. खऱ्या छिन सम्राटाच्या मातीच्या सैनिकांजवळ ब्राँझच्या बाणांची सुमारे 40 हजार टोकं सापडली आहेत. "त्याने मरताना पुरून ठेवले, तेवढे या माणसाने एका शाळेवर उडवले! ते गोळा करायला कोणी आलं का? नाही. कॅमेरा दुसरीकडे." त्या काळच्या शस्त्रांवर बनवणाऱ्याचं, देखरेखीच्या अधिकाऱ्याचं, कधीकधी थेट प्रधानाचंही नाव कोरलेलं असे, हे काका ज्या स्वरात सांगत तो स्वर लोक प्रेमाविषयी बोलताना लावतात. रंग, रेशीम, तळ्यावरचं द्वंद्व यांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. काकूंनी काढलं: सगळं छान, पण पांढरे कपडे युद्धात कोण घालतं?

उलट 'रेड क्लिफ'च्या दुसऱ्या भागात त्यांनी माझा हात घट्ट धरला. झुगे ल्यांग पेंढ्याच्या बाहुल्यांनी भरलेली वीस गलबतं धुक्यात शत्रूसमोर नेतो, शत्रू भिऊन बाण सोडतो, बाण पेंढ्यात रुततात, गलबतं परततात. मग मोजणी होते, आणि एक लाखावर भरतात. आयुष्यभर पाहिलेल्या युद्धपटांत पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी आवक केलं होतं! हे झुगे ल्यांगने केलं हा कादंबरीकाराचा डाव, जुन्या बखरीत त्याच्या नावावर असं काही नाही, हे मी वाचलेलं होतं आणि नको तेव्हा बोललो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला चित्रपट सूर्यफुलाच्या बिया सोलण्यात घालवला. गाड्यांवरून, आकड्यांवरून, दुधावरून पुरावे मागणाऱ्या माणसाने ही एक नोंद बिनपावतीची जमा करून घेतली होती.

खरं तर कुठला चित्रपट निघायला हवा, हे त्यांचं ठरलेलं आहे. एक, ग्वानदूची लढाई: 200 साली त्साओ त्साओने वूचाओचं धान्याचं कोठार जाळलं आणि कितीतरी मोठं सैन्य भुकेने हरलं. दोन, झुगे ल्यांगचे लाकडी बैल, म्हणजे डोंगरातून धान्य नेण्यासाठी त्याने बनवलेलं वाहन. तीन तास नुसती वाहतूक. "कोण पाहणार?" काकू विचारतात. काका मोठ्या मनाने म्हणतात, "कानेशिरोला घेऊ."

2020 च्या ऑगस्टमध्ये त्यांचं मागणं निम्मं तरी पुरं झालं. मी तोवर पुण्याला परतलो होतो, आमची थेटरं कुलूपबंद होती, आणि शांघायहून वुईचॅटवर काकांचे आवाजी निरोप धडाधड येऊ लागले. गुआन हूचा 'द एट हंड्रेड' लागला होता. 1937 च्या ऑक्टोबरअखेर शांघाय पडत असताना एका तुकडीने सूचौ खाडीच्या उत्तर काठावर चार बँकांच्या मालकीची एक इमारत लढवली. पलीकडच्या काठावर परदेशी वसाहत होती, तिथे गोळ्या झाडायच्या नाहीत असा संकेत. त्यामुळे माणसं काठाकाठाने उभी राहून लढाई पाहत होती. शहराने एवढ्या मोठ्या पडद्यावर युद्ध पाहण्याची ती पहिलीच वेळ असावी. शूर माणसं चारशेच्या आसपास होती. शत्रू फसावा म्हणून आठशे सांगितली. पण काकांचा ऊर भरून आला तो इमारतीमुळे. ती इमारत गोदाम होती. भर युद्धात नायकाच्या जागी गोदाम!

पंधरा निरोप कौतुकाचे. सोळावा जरा खालच्या आवाजात: धान्याची पोती रचून तटबंदी केली ते ठीक, नाइलाज होता, पण गोळीने पोत्याला भोक पडलं की उंदीर लागतो, आणि त्या चार दिवसांत कोणी शिवल्याचं काही दाखवलं नाही.

त्यांना खवळलेलं मात्र मी एकदाच पाहिलं, आणि तेही थेटराबाहेर. 2009 चा नोव्हेंबर. मुलगा अमेरिकेत, रविवारी सकाळी त्याचा फोन. तिकडे 'रेड क्लिफ' लागला, त्याने पाहिला, आवडला. काकांचा चेहरा उजळला. दोन्ही भाग? मुलगा म्हणाला, कसले भाग, एकच तर आहे. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सुन छुआन वाघाच्या शिकारीला जातो ते आवडलं का?"

"कसला वाघ, बाबा?"

"शिनये शहर सोडून लोक निघतात, ती गर्दी?"

"सुरुवातीला एक माणूस इंग्रजीत काहीतरी सांगतो. मग थेट लढाईच."

"बाण आणायची सक्ती कशी होते, शिक्षा काय ठरते, ते?"

"बाण आहेत. सक्ती नाही आठवत."

काकांनी कपाटातून वही काढली. तिकिटाच्या अर्धुकांसकट सगळं नोंदलेलं होतं. दोन्ही भाग मिळून 288 मिनिटं. मुलाला विचारून अमेरिकेतला आकडा घेतला: 148. त्यांनी वजाबाकी केली, खाली दोन रेघा मारल्या, आणि गिरणीत ट्रकवाल्यांशी बोलायचे त्या आवाजात फोनमध्ये म्हणाले, "एकशेचाळीस मिनिटांची तूट. माल इथून पूर्ण निघालाय, मी डोळ्यांनी पाहिलाय. वाटेत कोणी उतरवून घेतला?"

मुलगा काहीतरी वितरकांबद्दल सांगू लागला. काकांनी त्याला थांबवलं, खुर्ची पुढे ओढली आणि गळालेला माल पहिल्या नगापासून तोंडी पाठवायला सुरुवात केली. शिनये सुटलं. गर्दी निघाली. गर्दीमागे, चित्रपटात नसलेल्या, बैलगाड्याही निघाल्या.

"परदेशी फोन आहे," काकू म्हणाल्या, "निदान वाघापर्यंत तरी लवकर पोचा."