चौकट, पटाशी आणि भावजींचं मशीन

अहो, ऐकलंत का? अशा भिंतीजवळ या, मोठ्यानं नको. परवा दुपारी काहीतरी गुरगुरत होतं ना? तुम्हाला वाटलं असेल, आपल्या तंजावरच्या राजवाड्यात म्युझियमचं काम काढलंय. कसलं काय! मेल वीधीच्या कोपऱ्यावर आपल्या वैनींकडे भावजींचं चाललं होतं.

पुढच्या खोलीत जुन्या फरशीवरच टाइल्स घालायला घेतल्यात, ते तर तुम्ही बघितलंतच. आता जमीन वर आली की दार घासणार. दाराचं काय, बिजागरीतून काढलं, खालून रंधा मारला, झालं. पण चौकट? ती भिंतीत गाडलेली, आजेसासऱ्यांच्या वेळची, सागाची. तिचा पाय टाइलच्या जाडीइतका कापला तरच टाइल खाली सरकते, नाहीतर तिथं सिमेंटचं थिगळ दिसणार जन्मभर. आणि हातकरवत तिथं चालवायची कशी, मूठ जमिनीला आपटते. आसारी, म्हणजे आपला सुतार, म्हणाला, पटाशीनं करतो, दोन दिवसांची मजुरी द्या. भावजी म्हणाले, दोन दिवस? त्यापेक्षा मशीनच घेतो की!

मल्टीटूल म्हणतात त्याला. ऑसिलेटिंग. पुढं चपटं पातं, पण गरगर फिरत नाही हो, नुसतं थरथरतं. जेमतेम तीन-चार अंश इकडून तिकडे, मिनिटाला वीस हजार वेळा म्हणे. अहो, तुमच्या धाकट्याचं हाताचं प्लास्टर कापलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतले होतेत, आठवतंय? तेच ते! कडक प्लास्टर कापलं जातं आणि कातडी आपली पात्याबरोबर हलते, म्हणून सहसा कापत नाही. जर्मनीच्या फाइन कंपनीनं १९६७ साली आपलं असं मशीन प्लास्टरसाठीच काढलं, मग तेच सुतारांच्या हातात आलं. लाकडाच्या पात्याला मात्र बोट लावू नका, त्याचे दात वेगळे.

तर काय सांगत होते... हां, किंमत. साधं मशीन तीन-चार हजारांत येतं. भावजींना हवं ते भारीतलं, पंचवीस हजारांच्या पुढचं. वैनींच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. तर हे म्हणतात कसे, "सरफोजी महाराजांनी नाही का परदेशातून यंत्रं मागवली? डोळ्यांची ऑपरेशनं केली, रोग्यांचे कागद अजून सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत!" वैनी शांतपणे म्हणाल्या, "महाराजांना १७९९च्या तहात महसुलाचा पाचवा हिस्सा लागला होता. तुम्हाला कुठल्या गावचा येतो?" अहो, काय चेहरा झाला त्यांचा! सासूबाई पदराआड हसत होत्या, मी पाहिलं ना.

पण गप्प बसतील तर ते भावजी कसले. भाच्याकडून त्याचं स्वस्तातलं मशीन आणवलं. तेच परवाचं गुरगुरणं. पाच मिनिटांत हाताला मुंग्या! भारीतल्यात म्हणे मोटर रबरावर बसवलेली असते, हादरा मुठीपर्यंत येत नाही, आणि पातं बदलायला पाना लागत नाही, खटका ओढला की निघतं. या स्वस्तातल्यात तो इवलासा स्क्रू घट्ट करत बसायचा, आणि तो ढिला झाला की पातं जागच्या जागी घसरतं. बरं, निम्मी चौकट कापली, छान कापली हं, सुरीनं खरवस कापावा तशी. आणि मग आत निघाला खिळा. किंचाळलं ते, धूर निघाला, सागावर काळा डाग. पातं काढून पाहिलं तर दात सपाट, माझ्या आजेसासूसारखे.

आसारी उंबऱ्यावर बसून पान लावत होता. म्हणाला, "सार, हे लाकडाचं पातं. खिळ्याला बायमेटल लागतं. जुन्या घरात तेच लावायचं." म्हणजे याला सगळं ठाऊक! इतका वेळ बसला होता मेला गंमत बघत. आणि चांगलं एक पातं पाचशेच्या पुढं, कार्बाइडचं घ्याल तर आणखी. मशीन एकदाच घ्यायचं, पाती जन्मभर, हे कुणी सांगत नाही बघा.

मला विचाराल तर, एका चौकटीसाठी भारीतलं घेणं म्हणजे एका मुंजीसाठी मांडव विकत घेण्यासारखं. हां, रोज कामाला जाणाऱ्या आसाऱ्यानं घ्यावं, त्याचे हात वाचतील. भावजींचा हुरूप किती दिवसांचा? मागच्या वर्षीचं ड्रिल अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आणि त्याआधीची ती... जाऊ दे. सरळ लांब फळी कापायलाही मल्टीटूल कामाचं नाही, रेघ वाकडी जाते. जिथं करवत शिरतच नाही, अशा कोपऱ्यांपुरतंच ते.

शेवटी चौकट आसाऱ्यानंच पुरी केली, पटाशीनं, दीड दिवसात. जाताना हळूच म्हणाला, "सार, मोठं मशीन घेतलंत तर मला आठवड्यातून एक दिवस द्याल?" भावजींचे डोळे कसे लकाकले म्हणता! वैनींनी तिथल्या तिथं सांगितलं, "घेणार नाहीत ते."

आता हे तुमच्या-माझ्यात हं. काल कुरिअरवाला आला होता, वैनी देवळात गेल्या होत्या तेव्हा. खोकं चांगलं जड आहे. मला कसं कळलं? अहो, आमच्याच माळ्यावर ठेवलंय ते, लोणच्याच्या बरण्यांमागे.