मोगलीच्या जंगलातला परका राजा

आमच्या आंजी मोठीहून मोगलीचं घर तसं जवळच. आर्वी रोडनं वर्धा, तिथून नागपूर, मग जबलपूरच्या वाटेनं पेंचचं जंगल मागे टाकलं की सिवनी. किपलिंगची गोष्ट तिथलीच. त्यामुळे डिस्नेचा १९६७चा ‘जंगल बुक’ लागला की आमच्याकडची माणसं परीक्षक होऊन बसतात. किंग लुई नावाचा ओरांगउटान आला की आजी विचारतेच, “हे कुठचं माकड होय बाप्पा? आपल्याइकडं त वानेरं असते.”

बरोबर आहे तिचं. ओरांगउटान राहतो बोर्निओ-सुमात्रात. किपलिंगच्या माकडांना तर राजाच नव्हता. तो डिस्नेनं नेमला आणि जॅझच्या तालावर त्याला माणूस व्हायची हौस लावली. काळ्या माणसांनी हक्कासाठी रस्त्यावर उतरण्याचा तो काळ. अमेरिकेत अनेकांना त्या माकडात आपलीच टिंगल दिसली, तर त्यात नवल नाही.

या सिनेमाआधी डिस्ने २०२५पर्यंत एक पाटी दाखवायचं : यातलं काही चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे. अशाच चित्रणामुळे ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) हा आपला सिनेमा तर कंपनीनं कपाटातच कोंडून ठेवलाय. त्यापेक्षा पाटी लावून दाखवणं मला पटतं. अडचण एवढीच की पाट्यांना दाद न देण्यात आपला हात कोणी धरणार नाही. ‘येथे थुंकू नये’च्या खालची भिंत आठवा. पाटी यायची तेव्हा आमच्या घरात कोणीतरी चहा ठेवायला उठायचं.

पाटीची भाषा कडक झाली २०२० साली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला गोरेपणा काढून ‘ग्लो’ घातला. ट्यूब मागताना अजून जुनंच नाव तोंडात येतं. आणि माकडाची जात अचूक ओळखणारी हीच आजी लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न टाकते, “पोरगी रंगानं कशी हाय?” तिच्यासमोर कोणती पाटी धरायची? (धरून पाहा. चहा मिळणार नाही.)

मला खुपतं ते वेगळंच. सिवनीचं जंगल म्हणजे गोंडांचा मुलूख. किपलिंगच्या पुस्तकात निदान एक गोंड शिकारी येऊन जातो. सिनेमात अस्वल नाचतं, हत्ती कवायत करतात, गिधाडं गातात. मोगली सोडला तर माणसांपैकी शेवटी पाण्याला आलेली एक मुलगी तेवढी दिसते. कोणाला वाईट दाखवलं ते पाटी सांगायची. कोणाला दाखवलंच नाही, ते सांगायला शेजारी बडबडं माणूसच लागतं.

म्हणून सिनेमा राहू द्यावा. आजीच्या कानात मी सांगून ठेवलंय, या खेपेला माकडाचं झालं की गोंडांचं विचार. ती विचारेल, तेही शेजारच्या घरी ऐकू जाईल एवढ्यानं, आणि शेरखानचे पुढचे चार-पाच संवाद कोणालाच कळणार नाहीत.