नवऱ्याला क्रेडिट कार्ड देण्याचा शास्त्रोक्त विधी

हे व्रत वर्षात कधीही करता येते, तरी घटस्थापना ते धनत्रयोदशी हा काळ विशेष फलदायी मानला आहे. या दिवसांत ऑनलाइन दुकानांचे सेल लागतात आणि प्रत्येक सेलबरोबर कुठल्या तरी एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के तात्काळ सवलत जाहीर होते. ती बँक कोणती असेल हे आधी सांगता येत नाही. ती नवऱ्याच्या कार्डाची बँक नसते, एवढे मात्र नक्की. ती बायकोच्या कार्डाची असते. मग घरात काही दिवस विलक्षण शांतता नांदते. ओला टॉवेल पलंगावर दिसत नाही, सकाळचा चहा आयता हातात येतो. जाणत्या कार्डधारिणीने ही लक्षणे ओळखावीत आणि चहा घ्यावा. त्यावर व्याज लागत नाही.

प्रस्तुत पोथीत कार्ड बायकोचे आणि खरेदी नवऱ्याची असे धरले आहे. उलट प्रकारावर दिवाळी अंकांतून इतके विनोद छापून झाले आहेत की त्यांत भर घालण्याचे धाडस होत नाही. शिवाय अमेरिकेत १९७४ साली समान पतसंधीचा कायदा होईपर्यंत बँका बाईला कार्ड देण्याआधी खुशाल नवऱ्याची सही मागत. त्यानंतर निम्मे शतक उलटले आणि नवरा हातात फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो, "अगं, तुझं ते निळं कार्ड आहे ना?" इतिहासाने काही हिशेब चुकते केले असतील, तर त्यातला हा एक.

संकल्प

कोणत्याही विधीच्या आरंभी यजमानाने आपण काय करतो आहोत ते मोठ्याने म्हणायचे असते. येथेही नवऱ्याने वस्तूचे नाव, किंमत आणि पैसे परत करण्याची तारीख या तिन्ही गोष्टींचा स्पष्ट उच्चार करावा. प्रत्यक्षात तो तसे करत नाही. तो म्हणतो, "आपला टीव्ही जरा जुना झालाय, नाही?" या वाक्यातले 'आपला' कार्डधारिणीने लक्षात ठेवावे. टीव्ही आपला असतो, गरज आपली असते, बिल तेवढे कार्डावर येते.

उदाहरणादाखल ५५ इंची टीव्ही घेऊ. किंमत ४२,९९० रुपये. नवऱ्याने १० टक्क्यांचा हिशेब करून ठेवलेला असतो: ४,२९९ रुपयांची बचत. या बचतीचे काय करायचे हेही ठरलेले असते, साउंडबार. येथे कार्डधारिणीने सवलतीच्या जाहिरातीखालची शेवटची ओळ वाचून दाखवावी. 'कमाल सवलत १,५०० रुपये' ही ती ओळ. ती इतक्या बारीक टायपात असते की वाचायला ५५ इंची पडदाच हवा. म्हणजे टीव्ही ४१,४९० रुपयांना पडला. हा आकडा पाठ करावा, पुढे तो वारंवार लागेल.

मुहूर्ताचेही एक शास्त्र आहे आणि ते खरोखर उपयोगी आहे. कार्डाचे बिल महिन्याच्या ठरावीक तारखेला निघते आणि ते भरायला त्यानंतर साधारण अठरा ते वीस दिवस मिळतात. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, आदल्या दिवशी केली तर जेमतेम वीस. पंचांगात हा मुहूर्त देत नाहीत. तो बँकेच्या अॅपमध्ये पाहावा.

पात्रापात्रविचार

बँकेच्या लेखी प्रत्येक कार्डधारक अविवाहित असतो. अर्जावर नवऱ्याचे नाव विचारतात खरे, पण ते मुंजीच्या पत्रिकेत मामाचे असते तेवढ्यापुरतेच. कार्ड हस्तांतरणीय नाही, पिन कोणालाही सांगू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. 'कोणालाही' या शब्दातून सात फेरे वगळलेले नाहीत.

अधिकृत वाट एकच, अॅड-ऑन कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे मूळ कार्डधारक ज्याचे नाव देईल त्याच्या नावे असे जादा कार्ड निघू शकते. खर्चाची मर्यादा सहसा दोघांत मिळून एकच, आणि फेडण्याची जबाबदारी सर्वस्वी मूळ कार्डधारकाची. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात नाव लागावे तसा नवरा बँकेच्या दप्तरी लागतो. हा मार्ग निर्वेध आहे आणि म्हणूनच कोणी वापरत नाही. अॅड-ऑन कार्ड टपालाने यायला काही दिवस लागतात आणि सेल आज रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपणार असतो.

कहाणी

प्रत्येक व्रताला एक कहाणी असते. या व्रतालाही आहे. फरक एवढाच की ती खरी आहे आणि तिच्यात देव शेवटपर्यंत प्रसन्न होत नाही.

आटपाट नगर होतं, त्याचं नाव बंगळुरू. तिथं एक नवरा-बायको राहत होते. बायको बाळंतपणाच्या रजेवर होती. १४ नोव्हेंबर २०१३ या दिवशी पैशांची गरज पडली. तिनं आपलं डेबिट कार्ड नवऱ्याच्या हाती दिलं, पिन सांगितला, २५,००० रुपये काढायला धाडलं. नवरा एटीएमवर गेला, कार्ड घातलं, पिन दाबला. यंत्रानं पावती दिली, पैसे दिले नाहीत. खात्यातून मात्र रक्कम गेली. बायकोनं बँकेला विचारलं. बँक म्हणाली, व्यवहार यथासांग झालाय. बायकोनं सीसीटीव्हीचं चित्रण मिळवलं. चित्रणात नवरा दिसला. बँक म्हणाली, पण ज्यांचं कार्ड त्या यात कुठं दिसतात? बायको ग्राहक मंचाकडं गेली. तिथं साडेतीन वर्षं गेली. २०१८ साली निकाल लागला: पिन दुसऱ्याला सांगणं हाच नियमभंग. नवऱ्याला पाठवायचंच होतं, तर सेल्फ चेक द्यायचा, नाहीतर अधिकारपत्र लिहून द्यायचं. तक्रार फेटाळली. साठा उत्तरांची कहाणी निष्फळ संपूर्ण.

कहाणी डेबिट कार्डाची आहे, परंतु क्रेडिट कार्डाचा देव तोच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही हेच सूत्र आहे. ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दुसऱ्याला दिले आणि त्यातून नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. नियम म्हणून यात खोट काढता येत नाही. फक्त तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन नवऱ्याच्या नावे अधिकारपत्राचा मसुदा करणारी बाई डोळ्यांसमोर आणण्याचा प्रस्तुत पोथीकाराने बराच प्रयत्न केला. ती आली नाही.

मंत्र

आता मुख्य विधी. ऑनलाइन कार्डव्यवहाराला जादा ओळखपडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली, आणि सहा अंकी मंत्र घराघरांत पोचला. मंत्र गुप्त राखायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या जाहिरातींतून खुद्द अमिताभ बच्चन यांनी सावध राहा म्हणून बजावून ठेवले आहे.

एवढे असूनही रूढ विधी असा चालतो. कार्डधारिणी कचेरीत बैठकीत असते. फोन थरथरतो. संदेश येतो: इतक्या रुपयांच्या व्यवहारासाठी आपला ओटीपी अमुक, कोणालाही सांगू नका. लगेच दुसरा संदेश, नवऱ्याचा: "आला का?" मग "लवकर". मग नुसतेच प्रश्नचिन्ह. मग फोन. कार्डधारिणी तोंडापुढे वही धरून कुजबुजते, "सात, तीन, तीन, शून्य..." समोरून आवाज, "तीन एकदा की दोनदा?" साहेब बोलायचे थांबतात. मुदत संपते. पुन्हा पाठवा या बटणावर नवऱ्याचे बोट पडते आणि बैठकीतल्या बाराही जणांना कळते की या घरी नवीन टीव्ही येतोय.

हा विधी अशास्त्रीय आहे. शास्त्रोक्त पद्धत अशी: कार्ड, पिन, मागचे तीन आकडे आणि ओटीपी यांपैकी काहीही नवऱ्याला देऊ नये. वस्तू त्याला निवडू द्यावी, पत्ता त्याला भरू द्यावा. पैसे भरायच्या पानापाशी त्याला उठवून स्वतः खुर्चीवर बसावे आणि आकडे आपल्या बोटांनी टाइप करावेत. 'कार्ड जतन करायचे का?' अशी एक चौकट पानावर येते. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचे आकडे स्वतःकडे ठेवता येत नाहीत, त्याजागी टोकन ठेवतात. चोरापासून ही मोठीच सुरक्षितता झाली. पण टोकन नवऱ्याच्या खात्यावर बसणार असते, सबब चौकट रिकामी सोडावी. यजमान या वेळी मागे उभा राहून "हां, आता खाली, खाली" असे म्हणत राहतो. तो या विधीचा भाग आहे, त्याला थांबवू नये.

प्रत्यक्ष दुकानात कार्ड हाती देणे हा वेगळा आणि अधिक जोखमीचा प्रकार. जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसते यंत्राजवळ नेले तरी पैसे जातात. पिन नाही, ओटीपी नाही. "बूट आणतो" म्हणून गेलेला माणूस बूट, बुटांचा स्प्रे, मोज्यांचे तीन जोड आणि शेजारच्या दुकानातली व्यायामाची चटई घेऊन येतो, प्रत्येक खरेदी पाच हजारांच्या आत. यावर उतारा आहे. बँकेच्या अॅपमध्ये स्पर्शाविना व्यवहाराची सोय बंद करता येते, मर्यादाही कमी करता येते. ही सोय देणे बँकांना २०२० पासून बंधनकारक आहे. बटण कोणी बंद केले हे दुकानातल्या यंत्रावर दिसत नाही.

विधीची वाच्यता घराबाहेर होऊ देऊ नये. सवलतीचा वास दिराला लागतो, नणंदेच्या मुलाला लॅपटॉप हवाच असतो. वर्षाकाठी कार्डाचा भरणा १० लाखांवर गेला की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. खात्याकडून विचारणा आली तर 'त्यात भाच्याचा लॅपटॉप आहे' हे उत्तर देता येते, पण ते देताना चेहरा फार केविलवाणा होतो.

उद्यापन

बिल येते. त्यात दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. दुसरा आकडा साधारण ५ टक्के असतो. नवरा तो वाचून म्हणतो, "दोन हजार पंचाहत्तरच तर भरायचेत!" येथे कार्डधारिणीने शांतपणे कागद-पेन्सिल घ्यावी. महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ४१,४९० वर एका महिन्याचे १,४५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २६१ रुपये, मिळून १,७१३. सवलत १,५०० ची होती. आणि बाकी राहिली की नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात, म्हणजे त्याच कार्डावर आणलेल्या तुरीच्या डाळीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. टीव्ही बघत वरण खायचे म्हटले तरी दोन्हींवर व्याज.

तेव्हा पूर्ण रक्कम नवऱ्याकडून आधी वसूल करावी. तो ती देतो, पण तुकड्यांत. वीस हजार यूपीआयने येतात. मग वजावटी सुरू होतात: गेल्या महिन्याचे वीजबिल, सासूबाईंच्या चष्म्याची काच, गणपतीत तुझ्या माहेरी नेलेले पेढे. पेढ्यांवर वाद घालू नये. विजेच्या बिलाची पावती मागावी.

एका प्रसंगावर शास्त्रकार मौन पाळून आहेत. टीव्ही आला, पैसे पूर्ण फिटले आणि पडद्यावर एक उभी रेघ निघाली. टीव्ही परत गेला. परतावा कुठे येतो? ज्या कार्डावरून पैसे गेले त्या कार्डावर. म्हणजे नवऱ्याचे ४१,४९० रुपये आता बायकोच्या कार्डाच्या खात्यात जमा दिसतात आणि घरात टीव्ही नाही. नवरा हे पैसे मागताना जो आवाज काढतो तो चहाच्या दिवसांतल्या आवाजाहून फारसा वेगळा नसतो. बँकेच्या नोंदीत नवरा कुठेच नसल्याने कायदेशीर उत्तर सोपे आहे. वापरावे की नाही हे ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेले बरे. निदान वीजबिलाची पावती तरी या क्षणी मागू नये.

प्रसाद

टीव्ही धड निघालाच, तर शेवटी बक्षिसाच्या गुणांचा प्रश्न उरतो. कार्ड माझे म्हणून गुण माझे, असे बायको म्हणते. खर्च माझा म्हणून गुण माझे, असे नवरा म्हणतो. दर १५० रुपयांना एक गुण आणि एका गुणाचे २५ पैसे असा एक नेहमीचा दर धरला तर ४१,४९० रुपयांचे २७६ गुण होतात, म्हणजे ६९ रुपये. हे गुण वटवायचे तर काही बँका प्रत्येक वेळी ९९ रुपये शुल्क घेतात, वर जीएसटी.