कृपया नोंद घ्यावी

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाला 'स्मार्ट व्हिलेज' करण्याची घोषणा झाल्यापासून मागं राहणं बरं दिसत नाही. म्हणून इथल्या एका पोरानं आत्याच्या मासळीची वेबसाइट काढली. वर्डप्रेसवर, फुकटात. कोळंबी, बोंबील, चिंबोऱ्या, फोटोसकट भाव. सकाळचा भाव दुपारी टिकत नाही, एवढंच वेबसाइटला सांगायचं राहिलंय.

पासवर्ड मात्र जबरदस्त. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं आहे. आत्याला सांगितला नाही, बायकोलाही नाही. साइट झटपट उघडावी म्हणून जोडीला लाइटस्पीड कॅश हे प्लगिन. जगातल्या ६० लाखांहून जास्त साइटींवर तेच होतं, म्हणजे चांगलंच असणार!

सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसची सुरक्षा तपासणाऱ्या पॅचस्टॅक कंपनीनं त्यातला चमत्कार जाहीर केला. प्लगिनमध्ये बिघाड शोधण्यासाठी डीबगची सोय आहे. ती चालू केली की प्लगिन इमानेइतबारे सगळं लिहून ठेवायचं, लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी कुकीसुद्धा. ही कुकी हाती आली की पासवर्ड विचारतो कोण? थेट मालक म्हणून आत. आणि नोंदी कुठं? डीबग डॉट लॉग नावाच्या फायलीत, कुणीही ब्राउझरमध्ये पत्ता टाकून वाचावी अशा जागी. सोसायटीच्या वॉचमननं प्रत्येक फ्लॅटच्या चावीचा ठसा घ्यावा नि रजिस्टर गेटवर टांगावं, तसं. बिघाड शोधायची वहीच बिघाड निघाली. (ऑगस्टमध्ये याच प्लगिनात दुसरं भगदाड सापडलं होतं. तेव्हाही परक्याला मालक होता येत होतं. सातत्य म्हणतात ते हे.)

पोरानं हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. तिनं कोयता न थांबवता एवढंच विचारलं, "मंग कुलूप कनाला लावलंस रं?" तिची स्वतःची उधारी डोक्यात असते. कुणाचे किती, कधीपासून, वर कोणत्या सबबी, सगळं. ते अजून कुणालाही हॅक करता आलेलं नाही. उधारी बुडवणाऱ्यांनी प्रयत्न करून पाहिलेत.

सरकार गाफील नाही. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेचा २०२२ चा आदेश आहे की असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. 'लक्षात आल्यापासून' हे शब्द ज्यानं घातले त्याला आमचा नमस्कार. आपल्या कचेऱ्यांत अशा गोष्टी लक्षात येऊ न देण्याचं काम किती वर्षं चोख चाललंय!

प्लगिनच्या कंपनीनं ६.५.०.१ ही सुधारित आवृत्ती काढली. त्यात नोंदी वेगळ्या फोल्डरात, फायलीला अंदाज न लागणारं नाव, कुकीची नोंद बंद. पोरानं ती लगेच टाकली. पण डीबग पूर्वी कधी चालू केलं असेल तर जुनी फाइल आपोआप जात नाही, ती हातानं पुसावी लागते. विसरायला नको म्हणून त्यानं ते काम डायरीत लिहून ठेवलंय, पासवर्डच्या अगदी खाली. डायरी मासळीच्या टोपलीशेजारी, गिऱ्हाइकांना हिशेब करायला बरी पडते म्हणून उघडीच असते.