मनीप्लँटचे यजमान

फ्रिजच्या दारात, ताकाच्या बाटलीला खेटून, एक गढूळ पाण्याची बाटली उभी असते. तिच्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर बँकेत तीस-पस्तीस वर्षं लेजर लिहून घोटलेलं अक्षर : ‘तांदळाचं धुवण. पिऊ नये.’ ही चिकटपट्टी नंतर लागली. त्याआधी मुंबईहून आलेल्या जावयानं ती बाटली पियूष समजून तोंडाला लावली होती. जावई पुण्याला अजूनही येतो, पण उतरतो हॉटेलात.

या बाटलीच्या मालकाला आपण काका म्हणू. तसे ते सगळ्यांचेच काका असतात. निवृत्त, प्रकृतीनं काटक, मुलं मार्गी लागलेली, आणि हॉलच्या खिडकीत एक मनीप्लँट. बाग असलेला माणूस निराळा. त्याचं प्रेम पन्नास झाडांत वाटलं जातं आणि कुणालाच बाधत नाही. काकांचं सगळं प्रेम एका आठ इंची कुंडीत ओतलं जातं. तेही पाण्यात विरघळवून.

सकाळी काकूंचं तांदूळ धुणं सुरू झालं की काका पातेलं घेऊन नळाशी हजर. दुसरं पाणी ते घेत नाहीत, पहिलंच हवं. ‘सत्त्व पहिल्यात असतं.’ चहाचा चोथा गाळणीतून थेट त्यांच्या डब्यात जातो. त्यातली साखर धुऊन काढायची असते, हे त्यांना मुंग्यांनी शिकवलं. अंड्याची टरफलं शेजारच्या घरातून येतात, कारण यांच्या घरी अंडं चालत नाही. टरफल मात्र चालतं. ते मातीत विरायला किती काळ लागतो हे काकांना सांगून उपयोग नाही. टरफलाचा चुरा जसाच्या तसा दिसला की ते म्हणतात, ‘साठा शिल्लक आहे.’

‘अहो, आधी तुम्हाला वाढू की त्याला?’ काकू विचारतात.

‘त्याचं झालंय,’ काका म्हणतात. प्रश्नातली खोच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

घरगुती खुराकावर काका थांबले असते तर निभावलं असतं. पण त्यांना शास्त्राचीही आवड. आल्यागेल्याला ते हातात पाण्याचा पेला द्यायच्या आधी नत्र, स्फुरद, पालाश देतात. मार्केट यार्डातून आणलेली एकोणीस-एकोणीस-एकोणीसची पुडी, निंबोळी पेंड, गांडूळ खत, एप्सम सॉल्ट, सगळं खिडकीखालच्या कपाटात नावं घालून ठेवलेलं. गावाकडच्या चुलतभावानं एकदा दोन किलो युरिया पाठवला. युरियात ४६ टक्के नत्र. महिन्याला एक ग्रॅम या हिशेबानं तो दोन किलो १६६ वर्षं पुरायला हवा. काकांना दिवाळीपर्यंत पुरला नाही.

मग त्यांच्या हाती जीवामृत आलं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं नाव आणि कृती दोन्ही त्यांना तोंडपाठ : शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती. मूळ प्रमाण एकराला २०० लिटर. ते कुंडीच्या क्षेत्रफळानं भागलं असतं तर वाट्याला अर्धा चमचाही आला नसता. काकांनी एक बादली केली, कारण ‘कमी पडायला नको.’ बादली बाथरूममध्ये मुरत ठेवली. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या चेअरमननी ड्रेनेजवाल्याला बोलावलं. तो पाच फ्लॅट हुंगून आला, सहाव्याच्या दारात थबकला आणि म्हणाला, ‘साहेब, म्हैस कुठंय?’

काकूंचं दुःख वेगळंच होतं. पिठल्याचं बेसन संपलं होतं.

आता झाडाची बाजू. मनीप्लँट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मूरिआ बेटावरचा. ताहितीच्या शेजारचं बेट. तिथून निघून तो जगभरच्या खिडक्यांत पोचला तो खाण्यापिण्याच्या तक्रारी नसल्यामुळेच. आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या कुळातला. पान चावलं तर घशाला तशीच खाज. रानात तो झाडाच्या खोडाला धरून वर चढतो आणि चढता चढता त्याची पानं सुपाएवढी होतात, फाटतातसुद्धा. तोच वेल खाली लोंबता सोडला की पानं लहान होत जातात. काकांचा वेल पडद्याच्या दांडीवरून खाली लोंबतो. पानं लहान होतायत हे काकांनी बरोबर टिपलं, डायरीत सेंटिमीटरसकट लिहिलं, आणि निदान केलं : कुपोषण. खुराक वाढवला.

घरातल्या झाडाची भूक उजेडावर ठरते. खिडकीतल्या अर्धवट उजेडात जेवढं शिजेल तेवढंच झाड खाणार. उरलेलं खत मातीत मिठासारखं साठतं. पानाची टोकं करपतात, कुंडीच्या काठाला पांढरा थर येतो. हा थर मी त्यांच्याकडे जवळून पाहिला आहे. मातीच्या कुंडीवर बाहेरून नकाशासारखा उमटलेला, नखानं खरवडला तर खाली पडणारा. काकांनी तो मला कौतुकानं दाखवला. ‘बघा, खत वर आलंय.’ साय आली म्हणावं तसं म्हणाले. आणि करपलेली टोकं? ती पालाशची कमतरता. म्हणजे खतानं करपलेल्या पानावर इलाज पुन्हा खत. पंगतीत पानावर आडवा हात धरलेल्या पाहुण्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारे यजमान आपण पाहिले आहेत. काका त्या घराण्याचे. फरक एवढाच, की पाहुणा निदान उठून जाऊ शकतो.

मधे त्यांना फुलाचा ध्यास लागला होता. फुलाला स्फुरद हवं, स्फुरदाला बोनमील. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, हे काकूंना पुडीवरच्या चित्रावरून कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त देवघराचं दार लावून घेतलं. तेव्हापासून बोनमील स्कूटरच्या डिकीत असतं. गंमत अशी, की मनीप्लँटला फूल येतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या अंगात जिबरेलिन नावाचं संप्रेरक पुरेसं तयारच होत नाही, त्यासाठीचं जनुक काम करत नाही, हे २०१६ साली संशोधकांनी दाखवलं. बाहेरून जिबरेलिन फवारलं तेव्हा कुठे कळी आली. मी ही माहिती काकांना दिली आणि दुसऱ्या क्षणी पस्तावलो. ते जिबरेलिन मार्केट यार्डात मिळतं का, असं विचारत होते. द्राक्षवाले वापरतात, म्हणजे मिळतंच.

काकांना हरवणं सोपं नाही. तळमजल्यावर शिकायला आलेली मुलं राहतात. त्यांच्या खिडकीत रमच्या बाटलीत नुसत्या नळाच्या पाण्यावर एक मनीप्लँट आहे. कधीकाळी काकांच्याच वेलाची तोडलेली फांदी. मागून नेली की चोरून, यावर मतभेद आहेत, कारण चोरलेला मनीप्लँट जास्त लाभतो म्हणतात. तो आता ग्रिलवरून चढून पहिल्या मजल्याशी आलाय. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘दिसतो बरा. पण आतून पोकळ.’ आणि वर, ‘नासानं ज्याचं नाव घेतलंय, त्याला दारूच्या बाटलीत ठेवतात!’ झाडं हवा शुद्ध करतात म्हणणाऱ्या नासाच्या त्या १९८९च्या अहवालातले प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. घरातली हवा तशी शुद्ध करायची तर हॉलमध्ये जंगल लागेल, माणसांना जागा उरणार नाही. काकांना ही कल्पना पसंत पडण्याजोगी आहे. म्हणून त्यांच्यासमोर मी ती काढली नाही.

शेवटी राहुरीला कृषी शिकलेली त्यांची पुतणी आली. तिनं कुंडी उचलली, बाथरूममध्ये नेली, नळाखाली धरून माती चांगली निथळेपर्यंत धुतली. खाली चहासारखं पाणी वाहत होतं आणि काका दारात उभे राहून ते जाताना पाहत होते. ‘काका, आता दोन महिने काही घालायचं नाही. वेलाला चढायला काठी द्या. नंतर पाऊसकाळात महिन्यातून एकदा, लिटरला एक ग्रॅम, बास. आणि थंडीत तेही नको. माती वरून सुकल्याशिवाय पाणीसुद्धा नाही.’

‘दोन महिने उपास?’

‘हो. कडक.’

काकांनी मान डोलावली. काठी आणली, तिला नारळाचा काथ्या गुंडाळला, वेल सुतळीनं हलक्या हातानं बांधला. यात त्यांचा हात फार नाजूक आहे, हे सांगायलाच हवं. पेऱ्याला गाठ लागू नये म्हणून त्यांनी मध्ये कापसाचा तुकडा ठेवला होता. पुतणीची गाडी कात्रज ओलांडून गेली नसेल, तोवर काका स्वयंपाकघरात केळ्याची सालं भिजत घालत होते.

‘अहो, उपास ना त्याचा?’ काकू म्हणाल्या.

‘मग? उपासाला केळं चालतं.’

चिलटं झाली ती त्यानंतरच्या आठवड्यात.

असे काका तुमच्याही जिन्यात असतील. तुम्ही गावाला जाताना झाडांना पाणी घालायला किल्ली मागतील, आणि मनापासून मागतील. त्यांना बसवा, चहा द्या, मूरिआ बेटाच्या गप्पा मारा. किल्ली देऊ नका. आणि जाताना चहाचा चोथा मागितला तर ओल्या कचऱ्याची गाडी येऊन गेली म्हणून सांगा.