क्रियापदांचे मानपान

शाळेत आम्हाला स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ शिकवले आणि त्यातच क्रियापदाचा अर्थ संपवला. इटालियन क्रियापदाला सात अर्थ असतात. त्यातल्या एकट्या स्वार्थात आठ काळ, आणि आठांपैकी पाच होऊन गेलेल्या गोष्टींना वाहिलेले. भविष्याच्या वाट्याला दोन. रोमसारखी राजधानी असल्यावर दुसरं काय होणार!

या पाचांत खरी जुंपते ती 'पास्सातो प्रोस्सिमो' आणि 'पास्सातो रेमोतो' यांची, म्हणजे जवळचा आणि लांबचा भूतकाळ. पुस्तक म्हणतं, ज्या घटनेचा आजशी धागा उरलाय ती जवळची, ज्याचा तुटला ती लांबची. पण धागा तुटला की नाही हे तपासायचं कुणी? मिलानकडचा माणूस दान्ते १२६५ साली जन्मला हेसुद्धा खुशाल जवळच्या भूतकाळात सांगतो, जणू परवाच बारशाच्या घुगऱ्या खाऊन आलाय. सिसिलीतला मात्र आज सकाळची कॉफीही लांबच्या भूतकाळात पितो, जणू ती नॉर्मन राजाच्या पंगतीत मिळाली होती. तोस्कानात दोन्ही काळ पुस्तकाबरहुकूम चालतात, पण त्यात त्यांचं कौतुक नाही; मुळात त्यांचीच बोली पुस्तकात जाऊन बसली आहे.

त्यातून जवळच्या भूतकाळाला सोबत लागते 'एस्सेरे' (असणं) किंवा 'आवेरे' (जवळ असणं) या सहाय्यक क्रियापदाची, आणि इथे लग्नघरासारखं मानपान आहे. जाणं, येणं, जन्मणं, मरणं ही एस्सेरेकडची मंडळी. खाणं, पिणं, बघणं आवेरेकडची. इतपत ठीक. पण जाण्याला एस्सेरे आणि चालण्याला आवेरे? आणि पाऊस तर दोन्ही मांडवांत जेवतो.

एस्सेरे आलं की बाई 'आन्दाता' होते आणि बुवा 'आन्दातो'. इथे आमच्या इटालियनच्या वर्गातले इंग्रजीवाले हताश होतात आणि आपण पाय पसरून बसतो. मी गेलो, मी गेले. आपल्याला नवीन काय त्यात? आंबा खाल्ला आणि पोळी खाल्ली म्हणणाऱ्याला कुणी लिंग शिकवू नये. आयुष्यात प्रथमच इंग्रजीवाल्यांच्या पुढे बसल्याचं समाधान मिळतं.

भविष्यकाळ तर घरचाच निघाला. घड्याळ नसलेला इटालियन माणूस 'तीन वाजले असतील' हे भविष्यकाळात म्हणतो. कॉफी मागताना मात्र 'हवी होती' असं भूतकाळात म्हणायचं. समोर उभं राहून 'हवी' म्हटलं तर जरा उद्धट वाटतं. आपणही 'एक विचारायचं होतं' म्हणतच शेजाऱ्याकडे शिडी मागतो.

सात अर्थांपैकी उरला कोंजुन्तीवो. तो शंकेला लागतो, इच्छेला लागतो, भीतीला लागतो, आणि अनोळखी माणसाला आदराने काही करायला सांगतानाही लागतो. इटालियन माणसंच त्यात आपटतात. १९७५च्या 'फान्तोत्सी' चित्रपटात दोन कारकून पहाटेच्या धुक्यात टेनिस खेळतात. एकजण 'सर्व्हिस करा' म्हणताना रूप चुकवतो, आणि दुसऱ्याला प्रश्न पडतो, हा आपल्याला अरेतुरे करतोय की काय? त्यावर खुलासा असा की हा कोंजुन्तीवो आहे! २०१८च्या सानरेमो संगीत महोत्सवात तर लोरेंत्सो बाल्योनी याने या कोंजुन्तीवोवर चक्क गाणंच म्हटलं. आपल्याकडे विध्यर्थावर भावगीत अजून कुणी केलेलं नाही.

आमच्या बाई मिलानच्या. वेटर 'येतो' असं वर्तमानकाळात ओरडतो आणि दहा मिनिटं येत नाही, हे त्यांनी अत्यंत शरमेने सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे भूतकाळात ओरडतात, 'आलोच!'

बाईंनी खडू खाली ठेवला. "म्हणजे माणूस पोचलेला असतो?"

"नाही. अंघोळीला जायचा असतो."