लॉग आहे का?

प्रत्येक सोसायटीत एक काका असे असतात, ज्यांच्याकडे गाणं ऐकायला जायचं आणि सॉफ्टवेअर बघून परत यायचं.

डोंबिवलीतले हे काका बँकेतून निवृत्त झाले आणि कपाटभर सीडी संगणकावर चढवायला बसले. "एमपीथ्री करून टाका, दोन दिवसांचं काम," असं शेजारचा मुलगा बोलून गेला, त्याला आजही या घरी चहा मिळत नाही. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटांचा, डाव्या-उजव्या कानाचे वेगळे. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. 128च्या एमपीथ्रीत त्यातला जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. "उरलेले दहा हिस्से कुणी खाल्ले?" काका विचारतात. अफरातफर पकडण्यात हयात गेलेल्या माणसाचा प्रश्न आहे.

म्हणून फ्लॅक. 2001 साली आलेल्या या प्रकारात एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्म्यावर येते. पण त्याआधी सीडीवरचं जसंच्या तसं उतरवायला हवं, आणि तिथेच काकांचं दैवत येतं: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी. सीडीवर ओरखडा असला की साधा प्लेअर अंदाजपंचे जागा भरून पुढे जातो. हा प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा दोनदा वाचतो, उत्तर जुळलं नाही तर पुन्हा, आणि फारच अडलं तर 82 वेळा. शेवटी लॉग लिहून देतो. सगळं सुरळीत असेल तर त्यात 'नो एरर्स ऑकर्ड' असं येतं.

या लॉगने घराची वाट लावली.

भाच्याने हौसेने चार हजार गाण्यांचा पेन ड्राइव्ह आणला. "लॉग आहे का?" पुतणीच्या स्थळाची चौकशी पुरी झाल्याचं वहिनी सांगत होत्या. "लॉग आहे का?" गॅस बंद केलास ना, असं परवा काकूंना विचारलं, तर काकू पेपरमधून मान वर न काढता म्हणाल्या, "नो एरर्स ऑकर्ड."

अ‍ॅक्युरेटरिप नावाची आणखी एक भानगड आहे. तीच सीडी जगात इतरांनी उतरवली असेल, तर त्यांच्या नमुन्यांच्या बेरजेशी आपली बेरीज ताडून बघते आणि किती जणांशी जुळली तो आकडा देते. पिंक फ्लॉइडला दोनशे येतो. मल्लिकार्जुन मन्सूरांना दोन आला, तेव्हा काका गॅलरीत जाऊन आले. "आणखी दोघं आहेत," एवढंच म्हणाले. इकडे मन्सूर गात होते आणि काकांची नजर स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीवर.

मग तळमजल्यावरच्या आजी एक सीडी घेऊन आल्या. आजोबांनी घरी गायलेले अभंग, कुणीतरी संगणकावर बनवून दिलेली सीडी, कडेने चंदेरी थर सुटलेला. काकांनी मऊ कापडाने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसली, वाचायचा वेग कमी केला आणि खुर्ची ओढून बसले. ड्राइव्ह रात्रभर घरघरत होता. सकाळी लॉगमध्ये दोन ठिकाणी 'सस्पिशस पोझिशन' आलं होतं आणि खाली लिहिलं होतं, की ही डिस्क अ‍ॅक्युरेटरिपच्या डेटाबेसमध्ये नाही. म्हणजे जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही.

पहिल्याच अभंगाआधी आजोबा खाकरतात. ते कापू का, असं भाच्याने विचारलं, तर काका त्याच्यावर असे खेकसले, की बिचारा घरी निघून गेला. त्या दिवशी काकांनी पट्टीकडे पाठ करून सगळे अभंग ऐकले. आजींना फाइल दिली, लॉग दिला नाही.

घरी बनवलेल्या सीडीत आवाज सेंद्रिय रंगाच्या थरात नोंदलेला असतो. तो थर उन्हाने, दमट हवेने उतरतो, आणि छापील सीडीच्या आधी ती सीडी जाते. तुमच्या कपाटात अशी एखादी असेल, तर या आठवड्यातच तुमच्या सोसायटीतले काका गाठा. बोलणी खावी लागतील, ती खा.